कापसाच्या खोलीतला प्रोसेसर

बोंडअळीच्या वर्षी आमच्या घरात कॉम्प्युटर आला आणि तो गेम खेळायला आला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षी हे सांगायला घरात कुणाची जीभ रेटत नव्हती. ‘पोरीच्या अभ्यासाला घेतला’ म्हटलं असतं तर सगळं गाव मान डोलावून पुढे गेलं असतं. पण माझा अभ्यास संपला होता. बी.एस्सी. होऊन मी घाटंजीच्या एका सेतू केंद्रात ऑपरेटर होते, दिवसभर लोकांचे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले भरत होते, आणि मला ट्रक चालवायचा होता.

खरा नव्हे. ट्रक चालवायचा एक गेम होता. लांबच लांब रस्ते, काचेवर पाऊस, मागे वीस चाकांचा माल आणि कुठे जायचं ते आपण ठरवायचं. यवतमाळला कॉलेजात असताना एका नेट कॅफेत मी तो पाहिला. चांगल्या मशीनवर पोट्टे ठाण मांडून बसलेले असायचे. मी मालकाला तासभर मागितला तर त्यानं विचारलं, “फॉर्म भराचा हाये का ताई?” मी म्हटलं, मलाही तेच खेळायचंय. तो हसला आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरजवळच्या खटाऱ्याकडे बोट दाखवलं, ज्यावर गेम उघडतसुद्धा नव्हता. मी तासाचे पैसे भरले, तासभर त्या बंद गेमच्या चित्रापुढे बसले आणि ठरवलं की माझं मशीन मी घेईन आणि त्यात काय घालायचं तेही मीच ठरवीन.

पुढे नोकरी लागली, पगारातून थोडं थोडं मागे टाकता आलं, आणि नेमकं तेव्हाच ते वर्ष उजाडलं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. आमच्या पाच एकरांतला अर्धाअधिक कापूस कवडी झाला, म्हणजे पिवळा, घट्ट, बोटांना सोलणारा. जो बरा निघाला तो भाव चढेल या आशेवर घरात भरून ठेवला. आमच्याकडे तो बाहेरच्या खोलीतच भरतात. भिंतीला टेकून छातीएवढा ढीग, वर टिनाचं छप्पर, आणि उरलेल्या जागेत आमचं झोपणं, जेवणं, पाहुणे. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. तिच्या खाली एक टेबल मावत होतं. मला तेवढंच हवं होतं.

शेजारी मोठे बाबा राहत, म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. ते ओट्यावरूनच ओरडले, “असल्या वर्षी खेळ सुचते तुले?”

“मग कोणत्या वर्षी सुचू द्यायचा ते सांगा,” मी म्हटलं. “मागच्या वर्षी भाव नव्हता, त्याच्या मागच्या वर्षी पाणी नव्हतं. माझं वय थांबून राह्यलं का?”

त्यांनी तोंड फिरवलं. बाबांनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, “अभ्यासाले म्हन ना बाई. कोनाचं काय जाते?” बाबांचा आवाज पडलेला होता. त्या हिवाळ्यात तो तसाच होता. मी नाही म्हटलं. चोरी करत नव्हते, तर खोटं कशाला बोलायचं?

आईनं मात्र एकच गोष्ट विचारली. “तापते का थे?”

“थोडं तापतं.”

“तं मंग नको. कापसाजवळ तापनारी वस्तू मी ठेवू देनार नाई. गार राहनारं भेटत असीन तं आन.”

आईची ती अट ऐकून मला राग आला होता. पण खरं सांगायचं तर प्रोसेसर कसा निवडावा यावर मी तोवर जेवढं वाचलं होतं आणि जेवढे व्हिडिओ पाहिले होते, त्यातल्या कुणीही मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. ते सगळे गीगाहर्ट्झ मोजत होते, कोअर मोजत होते. एसीच्या खोलीत बसून कोणता जास्त पळतो ते सांगत होते. टिनाच्या छपराखाली, कापसाच्या ढिगाला लागून, एप्रिलच्या दुपारी कोणता टिकतो हे कुणी सांगत नव्हतं. ते मला माझं शोधावं लागलं.

थोडंफार मला केंद्रातून माहीत होतं. आमच्या केंद्राच्या समोरच कापसातून सरकी काढायचं एक जिनिंग होतं. हंगामात हवेत सरकीचा फुफाटा आणि कापसाचे तंतू उडत. दर पंधरा दिवसांनी आमचं मशीन चालता चालता बंद पडायचं. मी उघडून पाहिलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर तंतूंची जाड वात बसलेली. रंगाच्या ब्रशनं मी ती काढायची. म्हणजे प्रोसेसर कॉम्प्युटरचं इंजिन असलं तरी त्याचा जीव पंख्यात अडकलेला असतो हे मी वाचून नाही, हातानं शिकले.

त्या वर्षी आणखी एक गंमत झाली होती. गेमला चित्रं काढायला लागतं ते ग्राफिक्स कार्ड बाजारातून गायब झालं होतं. कुठेकुठे लोक म्हणे कार्डांच्या रांगा लावून त्यातून आभासी नाणी काढत होते, म्हणून साध्या कार्डाचाही भाव आभाळाला भिडलेला. पण नेमके त्याच सुमारास असे प्रोसेसर आले होते ज्यांच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स होतं. वेगळं कार्ड नको, म्हणजे एक तापणारी वस्तू कमी. वीजही कमी. माझा ट्रक त्यावर फार सुंदर दिसला नसता, पण चालला असता. मी वहीत त्याचं नाव लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि बाबांना घेऊन यवतमाळच्या एस.टी.त बसले. एकटी जाऊ शकत होते. पण डबे मोठे, आणि बाबा त्या दिवसांत नुसते ढिगाकडे पाहत बसायचे ते मला बघवत नव्हतं.

दुकानदारानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि बाबांकडे पाहून विचारलं, “कायसाठी पाह्यजे काकाजी?”

“अभ्यासाले,” बाबा घाईनं म्हणाले.

“खेळाले,” मी म्हटलं.

दुकानदार हसला आणि पुन्हा बाबांशीच बोलू लागला. त्याच्याकडे ऑफिसांतून काढलेल्या मशीनमधला एक जुना प्रोसेसर होता, कोअर भरपूर, “एकदम राक्षस आहे काकाजी, अन स्वस्तात.” राक्षस होता हे खरं. मी त्याबद्दल वाचलं होतं. वीज प्यायचा आणि भट्टीसारखा तापायचा. दुसरा एक नवा होता, वेगवान, पण पोटात ग्राफिक्स नाही. दुकानदार दोन्ही बाजूंनी बोलत राहिला, आणि बाबांनी तेच केलं जे आम्ही सगळे दर जूनमध्ये कृषी केंद्राच्या काउंटरवर करतो. हात जोडल्यासारखे करून ते म्हणाले, “आमाले काय समजते जी? तुमीच सांगा कोनतं चांगलं हाये थे.”

माझ्या डोक्यात सणक गेली. “बाबा,” मी म्हटलं, “बियाणंही आपण असंच घेतलं होतं.”

बाबांची मान खाली गेली. ते बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं, आणि बोलले ते बरं झालं असंही वाटलं. दोन्ही अजून वाटतं. काउंटरपलीकडच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं हे आम्ही कुणी ठरवलं? त्याला त्याच्या मागच्या फळीवर काय पडून आहे ते कळतं, एवढंच. माझ्या घरात कापूस कुठवर भरला आहे ते त्याला माहीत होतं का?

थोड्या वेळानं बाबांनी मान वर केली आणि दुकानदाराला म्हणाले, “तिले इचारा. घेनारी थे हाये.”

मग मी वही उघडली. दोन रेघांवालं नाव वाचल्यावर दुकानदार म्हणाला, “आहे, पण हा एकच पीस आहे. तो या कॅबिनेटसोबतच जाते.” कॅबिनेट म्हणजे दारात ठेवलेलं ते काचेचं खोकं, ज्यात निळे-जांभळे दिवे नाचत होते. हवा जायला पुढे जेमतेम एक फट होती.

“लिंकिंग करता काय?” मी विचारलं.

आणि बाबा हसले. मोठ्यानं हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा. त्यांना प्रोसेसर कळत नव्हता, पण लिंकिंग चांगलंच कळत होतं. युरियाची बॅग पाहिजे तर सोबत ही न खपणारी बाटली घ्या, हे ते जन्मभर ऐकत आले होते. ते उठून उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “चाल बाई. ह्याच्या घरीही युरियाच विकून राह्यले.” आम्ही पायरी उतरलो तेव्हा मागून हाक आली. मला हवा तो प्रोसेसर मिळाला, साधं जाळीचं पत्र्याचं कॅबिनेट मिळालं, आणि दिव्यांचे पैसे वाचले त्यातून एक वेगळा मोठा पंखा घेतला, कारण सोबत आलेला पंखा मला आमच्या टिनाखाली फार लहान वाटत होता.

जोडणी मी घरी केली, जमिनीवर सतरंजी टाकून. आई दारात, मोठे बाबा खिडकीत. बाबा माझ्यामागे रिकामे डबे, थर्माकोल, पिशव्या गोळा करत होते. त्यांना पसारा सहन होत नाही. प्रोसेसर खाचेत बसवला, वर मोठा पंखा आवळला. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे जावी म्हणून मधे एक पेस्ट लावतात हे मला ठाऊक होतं. शोधली, दिसली नाही. छोट्या पंख्याला ती कंपनीतूनच लावलेली होती, तर यालाही असेल, असं मी धरून चालले. दुकानात फोन करून विचारता आलं असतं. पण ज्याला एवढं ऐकवून आले त्यालाच आता विचारायचं? मी नाही केला फोन.

मशीन सुरू झालं. पडद्यावर चित्र आलं तेव्हा आईनं तोंडावर पदर धरला. दहा मिनिटांनी ते बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मी आत हात घातला आणि पंख्याच्या खालचा भाग बोटाला चटकला.

“तापते,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “बाजाराच्या दिवसापावतर नीट कर. नाई तं वापस ने.”

मोठे बाबा खिडकीतून म्हणाले, “गेलं ना बोंडात?” म्हणजे वाया.

बाजाराला दोन दिवस होते. ते दोन दिवस मी फार वाईट काढले. केंद्रात लोकांच्या नावांत चुका केल्या. आपण चुकीचा निवडला, त्या राक्षसाला नाव ठेवून आपण दुसरा राक्षस घरी आणला, हे मनातून जाईना. माझी निवड चुकली असती तर नुसतं मशीन परत गेलं नसतं. पुढे कधी या घरात मी ‘मला हे हवं’ म्हटलं असतं तर सगळ्यांनी त्या टेबलाकडे बोट दाखवलं असतं. मला रडू येत होतं आणि रडायचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी केंद्राला सुट्टी होती. दुपारी जेवताना बाबा भाकर मोडत म्हणाले, “त्या पंख्याच्या डब्यात एक लहानशी पुडी होती.”

“कसली पुडी?”

“चपटी. म्या फेकून देल्ली. थे फेकाचीच असते ना?”

मी ताटावरून उठले. आई काही समजेना म्हणून आमच्याकडे पाहत राहिली. ज्यांनी कापूस पेरला नाही त्यांना हे सांगावं लागेल. त्या काळी बीटी बियाण्याच्या प्रत्येक डब्यात एक लहान पाकीट निघायचं, साध्या बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं पेरायचं म्हणजे अळी तिकडे गुंतते आणि मुख्य पिकाची सवय तिला लागत नाही, असं डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं. ते पाकीट कुणी पेरत नव्हतं. मोठा डबा घ्यायचा, लहान पाकीट फेकायचं, ही बाबांच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय होती. त्यांनी थर्मल पेस्टही तशीच फेकली होती.

त्या वर्षी शहाणी माणसं भाषणांतून सांगत होती की शेतकऱ्यांनी ते पाकीट पेरलं असतं तर अळी माजली नसती. सांगणाऱ्यांच्या तोंडाला काय लागतं? पाच एकरांतल्या चार ओळी अळीला जेवायला सोडून द्या, हे काउंटरवर डबा विकताना आम्हाला कुणी एका शब्दानं समजावून सांगितलं होतं? बारीक अक्षरात लिहून मोकळं व्हायचं आणि नंतर बोट दाखवायचं. माझ्या पंख्याच्या डब्यावरही त्या पुडीचं बारीक अक्षरातच लिहिलेलं होतं. मी शिकलेली होते आणि मीही वाचलं नव्हतं.

बाबा आणि मी उकिरड्यावर गेलो. थर्माकोलखाली, सरकीच्या फोलपटांत ती पुडी सापडली, फुटलेली नव्हती. बाबांनी ती धोतराला पुसली आणि माझ्या हातात देताना नजर चुकवली.

“किती लावाची?” त्यांनी विचारलं.

“तुरीच्या दाण्याएवढी.”

मी पंखा काढला, प्रोसेसर पुसला, मधोमध तुरीएवढी पेस्ट ठेवली आणि पंखा पुन्हा आवळला. मशीन दुपारभर चाललं. आईनं दर थोड्या वेळानं येऊन जाळीवर तळहात ठेवून पाहिला, चुलीवरचं दूध पाहतात तसा. शेवटी ती म्हणाली, “गार हाये,” आणि कामाला लागली. माझ्या निवडीचं एवढं कौतुक नंतर कुणी केलं नाही.

माझा ट्रक निघाला. चित्रं थोडी धूसर, लांबची झाडं उशिरा उगवायची, पण रस्ता संपत नव्हता. आठवड्याभरात बाबा शेजारी येऊन उभे राहू लागले. मग एकदा बसले. कळफलकावर ब्रेक कुठे ते विचारलं. त्यांचा पाय जमिनीवर दाबला जायचा आणि ट्रक तसाच पुढे जायचा, मग ते स्वतःवरच चिडायचे. सिग्नलला मात्र काटेकोर थांबायचे. समोर पाखरू नसलं तरी थांबायचे. मी केंद्रातून घरी आले की मला ओट्यावरूनच हॉर्न ऐकू यायचा, आणि त्या हिवाळ्यानंतर बाबांच्या घशातून पुन्हा मोठा आवाज निघू लागला होता.

पण दारात कुणाची चाहूल लागली की ते चादर ओढून मशीन, पडदा, सगळं झाकून टाकत आणि ढिगापाशी जाऊन बसत. आत पंखा फिरत असायचा, हवा कोंडायची, मशीन तापून बंद पडायचं. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा भांडले.

“चालू असताना झाकायचं नाही म्हणून किती वेळा सांगू? प्रोसेसर जाईल.”

“लोक काय म्हनतीन? अळीनं खाल्लं अन हे खेळून राह्यले.”

“म्हणू द्या. अळीनं खाल्लं म्हणून आपणही मान टाकून पडायचं का? ती चादर मशीनसाठी नाहीच. तुम्ही स्वतःला झाकता.”

बाबांनी चादर खुंटीला अडकवली. ती तिथेच राहिली.

त्या वर्षी अळी आणि फवारणीच्या विषबाधा, दोन्हींनी आमच्या जिल्ह्याचं नाव लांबवर नेलं होतं. गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. मार्चातल्या एका रविवारी सकाळी आमच्या दारातही एक गाडी थांबली. दोघं उतरले, एकाच्या खांद्यावर कॅमेरा. चांगली माणसं होती, चपला बाहेर काढून आत आली. बाबा ट्रक चालवत होते. ते दचकून उठले, ट्रक रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला.

त्या दोघांनी ढीग पाहिला, कवडी हातात घेऊन पाहिली, बाबांना ढिगाला टेकून बसवलं. “काका, जरा खाली बघा. हातात थोडा कापूस घ्या.” बाबांनी घेतला. मग कॅमेरावाल्याची नजर टेबलाकडे गेली. पडद्यावर बाबांचा लाल ट्रक, पुढे हिरवा डोंगर. तो म्हणाला, “ते तेवढं झाकता का? फ्रेममध्ये येतंय. लोकांना वाटेल...”

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मी तोंड उघडलं होतं, पण बाबा उठले. खुंटीवरची चादर त्यांनी हातात घेतली. मी आईकडे पाहिलं, आईही चादरीकडेच पाहत होती.

बाबा टेबलापर्यंत गेले आणि थांबले.

“झाकता नाई येत,” ते म्हणाले. “झाकलं तं तापते थे. बंद पडते.”

“दोन मिनिटंच हो काका.” मग तो समजुतीनं म्हणाला, “मुलीच्या अभ्यासाचं असेल ना?”

“नाई जी,” बाबा म्हणाले. आवाज ओट्यापर्यंत गेला असेल. “खेळाले हाये. मी ट्रक चालवतो. पोरीनं निवडून आनलं.”

त्या दोघांनी कॅमेरा थोडा वेळ तसाच धरला, मग एकमेकांकडे पाहून खाली घेतला. पाणी प्यायले, नमस्कार केला, गाडी पुढच्या गावाला गेली. बाबांनी चादरीची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि ती खुर्चीवर ठेवली, कारण टेबल त्यांना उंच पडायचं. मग तिच्यावर बसून त्यांनी हॉर्न वाजवला.